भूल आली, पण पू राहिलाच
शस्त्रक्रियेच्या इतिहासावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘ईथर आलं आणि शस्त्रक्रियेतली भीषणता संपली’ हे वाक्य पटलं नाही. २१ डिसेंबर १८४६ ला लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टन या सर्जनने ईथर हुंगवून, म्हणजे भूल देऊन, एका पेशंटचा मांडीतून पाय कापला. किंकाळ्या थांबल्या, एवढंच. पेशंट दगावायचे ते नंतर, वॉर्डात, जखम सडून. सर्जनचा कोट रक्त वाळून कडक झालेला, आणि त्याचीच मिजास! जखमेत दाट पू धरला तर उलट बरं लक्षण मानायचे.

लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलचं जुनं ऑपरेशन थिएटर चर्चच्या माळ्यावर आहे, आता तिथं म्युझियम. लाकडी टेबल, भोवती विद्यार्थ्यांना उभं राहायला पायऱ्या, आणि टेबलाखाली भुशाची पेटी. रक्त ठिबकायला लागलं की सर्जन ती पायाने सरकवून घ्यायचा. मला करवतीपेक्षा त्या पेटीचीच जास्त शिसारी येते.

खरा बदल १८६५ चा, ग्लासगोतला. गाडीचं चाक जाऊन ११ वर्षांच्या पोराची नडगी मोडलेली, वर उघडी जखम. एरवी पाय गेलाच असता. जोसेफ लिस्टर या सर्जनने जंतुनाशक कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. सहा आठवड्यांत हाड जुळलं.

(लिस्टन वेगळा, लिस्टर वेगळा. लेखात एके ठिकाणी गल्लत झालीय, तेवढी दुरुस्त करा.)