बागेश्री आणि आपली मुठा

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी तिचा ठावठिकाणा उपग्रहाला कळवणारा ट्रान्समीटर बसवला आणि तिचं नाव ठेवलं बागेश्री. पुढचे काही महिने तिच्या प्रवासाचे नकाशे फेसबुकवर येत राहिले. माझी आई जन्मापासून पुण्यात पेठेत वाढलेली, समुद्र मोजून तीन-चार वेळा पाहिलेला. ती चहा घेता घेता विचारायची, "बागेश्री कुठवर पोचली गं?" कर्नाटक, केरळ, श्रीलंकेला वळसा, आणि जुलैत थेट बंगालचा उपसागर! मग आईचे प्रश्न सुरू झाले. कासव पाण्यात गुदमरतं का? हो, त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं, ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं तर ते बुडून मरतं. त्या दिवशी आई बराच वेळ गप्प होती.

नाकात स्ट्रॉ अडकलेल्या कासवाचा व्हिडिओ आईनेही पाहिला होता. "अरेरे" म्हणून पुढे सरकवला होता. बागेश्रीची मात्र तिला काळजी वाटत होती, घरातलं कुणी प्रवासाला गेल्यावर वाटते तशी. म्हणून मला मनापासून वाटतं, समुद्राबद्दल लिहिणाऱ्यांनी हादरवणारे फोटो कमी टाकावेत आणि एकाच जिवाची गोष्ट महिनोन्‌महिने सांगत राहावं.

आणि पुण्याला समुद्र नाही, हे आधी डोक्यातून काढा. आपली मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनी धरणातून पुढे कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. म्हणजे बागेश्री जिथे गेली, तिथेच! वाटेत धरणं आहेत, पुलावरून टाकलेली प्रत्येक पिशवी तिथवर पोचत नाही, हे खरं. पण झिजून कणाएवढं झालेलं प्लास्टिक पुराच्या पाण्याबरोबर वाहत जाऊ शकतं. भिडे पुलाच्या फोटोखाली नदीचा हा रस्ता कुणीतरी लिहायला हवा. शाळेत तो पाठ केला होता, पण तेव्हा त्यात कासव नव्हतं.

दुसरी गोष्ट ताटातली. पापलेट २०२३ मध्ये आपला राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने माशांच्या ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटची १३५ मिलिमीटर, म्हणजे हातातल्या मोबाईलपेक्षाही थोडी कमी. त्याहून लहान पापलेटला अजून एकदाही अंडी घालायची संधी मिळालेली नसते. आमच्या मासेवाल्या मावशींना विचारलं, एवढीशी का आणता? "गिऱ्हाईक घेतं म्हणून." एवढं सरळ उत्तर. मग मी पापलेटशेजारी मोबाईल ठेवून फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आठवडाभर लोक आपापल्या माशांचे फोटो टाकत होते. समुद्र वाचवा असं मी दहा वेळा लिहिलं होतं, त्याला अंगठ्यापलीकडे काही मिळालं नव्हतं. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा रोहू-कटला घ्या, हेही त्याच ग्रुपवर सांगता आलं.

एका गोष्टीचा मात्र राग येतो. कासवाचं पिल्लू तळहातावर घेऊन काढलेले रील. प्रेमानेच काढतात, ठाऊक आहे. पण पिल्लं उजेडाच्या रोखाने समुद्र शोधतात, फ्लॅशने त्यांची वाट चुकते. हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे, त्याला हात लावायचाच नाही. कोकणातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकऱ्यांनी कासवं वाचवायचं जे काम उभं केलं, ते पाहायला जरूर जा. पण दोरीच्या मागे उभे राहा, आणि रील टाकायचंच तर ती दोरीही दिसू द्या.

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला एक कासवीण अंडी घालताना सापडली. तिच्या पायावरचा बिल्ला २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. आईला बातमी वाचून दाखवली. तिने चष्मा लावून नंबर स्वतः पुन्हा वाचला आणि म्हणाली, "हिचं नाव काय ठेवलं?"