स्फोटकांचा कारखाना जागतिक दर्जाचा कसा करावा

सर्वप्रथम प्रमाणपत्र मिळवा. कारखाना काय, नंतरही सुधारता येतो. आणि एकदा आयएसओ ४५००१ची, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची फ्रेम स्वागतकक्षात लागली की त्याची तशी निकडही उरत नाही. ऑडिटर येणार हे आधी कळतेच. त्या दिवशी कामगारांना अँटिस्टॅटिक (स्थिर विजेची ठिणगी टाळणारे) बूट वाटा, संध्याकाळी मोजून परत घ्या. रोज वापरले तर झिजतात.

आता उत्पादनाचा खरा शत्रू. प्रत्येक इमारतीच्या दारावर एक पाटी असते: आत एका वेळी माणसे इतकी, स्फोटके इतके किलो. पाटी पुसू नका, ऑडिटर तीच आधी बघतो. तिच्यावर 'माणसे ४' असेल तर चारच माणसे धरा. पाचवा हेल्पर, सहावा ट्रेनी, सातवा नुसता रिकामी खोकी न्यायला आलेला. कंत्राटी कामगार तर तुमच्या हजेरीपटावरच नसतात, मग पाटीच्या हिशेबात कुठून येतील? किलोंचेही तेच. पुढच्या विभागात जागा नाही म्हणून माल इथेच राहिला, तर त्याला साठा म्हणू नये. तो थांबलेला माल.

दोन इमारतींमधली मोकळी जागा आणि मातीचे बांध हाही पडीक पैसाच. एक उडाली तर शेजारची उडू नये म्हणून ते अंतर असते म्हणे. पण उडणारच नसेल तर? तिथे एक शेड सहज बसते.

इतिहासातून शिका, मात्र पारखून. स्कॉटलंडमधल्या आर्डीर इथे नोबेलच्या कारखान्यात नायट्रोग्लिसरीन या तापले की उडणाऱ्या स्फोटक द्रवाच्या तापमानावर नजर ठेवणाऱ्याला एका पायाचे स्टूल देत. डुलकी लागली की गडी खाली. आपण पुढारलेले, आपल्याकडे सेन्सर आहे. त्याचा अलार्म सारखा वाजून बॅच अडवतो, म्हणून तेवढा बंद ठेवायचा. डबल शिफ्ट करणाऱ्याची झोपही मोडत नाही. अमेरिकेत ब्रँडीवाइन नदीकाठी १८०२ साली बंदुकीच्या दारूचा कारखाना काढणाऱ्या ड्यू पाँ यांनी तर स्वतःचे घर कारखान्याला लागूनच बांधले. हा आततायीपणा तुम्ही करू नका.

अनुकरण करायचेच तर जर्मनीतल्या ओपाऊचे करा. तिथे कोठारात खत दगडासारखे घट्ट व्हायचे आणि ते डायनामाइट लावून सुटे करत. हजारो वेळा केले, काही झाले नाही. २१ सप्टेंबर १९२१ला झाले, आणि पाचशेहून अधिक माणसे गेली. लोक ती एकच तारीख धरून बसतात. तुम्ही आधीच्या हजारो वेळा मोजा, यशाची टक्केवारी काढा. 'इतकी वर्षे काही झालं नाही' याहून मोठा पुरावा कोणत्या सेफ्टी ऑफिसरकडे आहे? असलाच, तर त्याला कॅन्टीन कमिटीवर घ्या.

थोडक्यात टळलेल्या घटनांची नोंदवही कोरी ठेवा. ज्या सुपरवायझरची वही कोरी, त्यालाच सुरक्षा सप्ताहात ढाल द्या. पुढच्या वर्षी सगळ्यांच्या वह्या आपोआप कोऱ्या येतील.

चौकशी अहवालही आत्ताच टाइप करून ठेवा. कारण: मानवी चूक. तारखेची जागा तेवढी मोकळी सोडा. फक्त मृतांच्या यादीत जरा घोळ होईल. पाटीवर चार, हजेरीपटावर चार आणि फाटकाबाहेर अकरा घरांतली माणसे. त्यांच्याशी बोलायला एखादा मृदुभाषी जनसंपर्क अधिकारी आधीच नेमून ठेवा.