कव्हर सोडून एकोणपन्नास पानं

डिसेंबर संपत आला की माणसाला आपल्याकडून काहीही होईल असं वाटायला लागतं. कुणी जिमचे अख्ख्या वर्षाचे पैसे भरतं, कुणी साखर सोडतं (संक्रांतीपर्यंत), आणि माझ्यासारख्या बायका वाचनाच्या ॲपवर जाऊन चॅलेंजच्या चौकटीत ५२ टाकतात. ५२ च का तर आठवड्याला एक, सोप्पं गणित आहे, लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत दिवसाला एक पुस्तक व्हायचं मग आता आठवड्याला एक न व्हायला काय झालं. त्या सुट्टीत आपल्याला ऑफिस नव्हतं, डबे करायचे नव्हते, फोन तर नव्हताच आणि जेवायला हाका मारून मारून आई दमायची, ही बारीकशी गोष्ट त्या रात्री काही केल्या आठवत नाही.

जानेवारी बरा जातो. फेब्रुवारीत २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन असतो, ऑफिसात साडी नेसून वाचनाचं महत्त्व सांगायचं काम दरवर्षी माझ्याकडेच येतं त्यामुळे निदान तोपर्यंत तरी लाज राखावी लागते. मग मार्च येतो, लेकीची परीक्षा येते आणि ॲप बोलायला लागतं. तुम्ही वेळापत्रकाच्या तीन पुस्तकं मागे आहात. ही भाषा मी याआधी फक्त होमलोनच्या मेसेजमध्ये वाचली होती. बरं मागे म्हणजे कुणाच्या मागे? मला शर्यतीत उतरवलं कुणी? तर मीच. त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

माझं निम्मं वाचन होतं कंपनीच्या बसमध्ये, कोथरूड ते हिंजवडी. आणि इथे एक गोष्ट सांगते जी कुठलाही नगरसेवक कबूल करणार नाही, माझ्या वाचनाचं सगळ्यात जास्त नुकसान फ्लायओव्हरने केलंय. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्फोट लावून पाडला, त्याच्या आधी आणि नंतर तिथे जे काय चाललं होतं त्यात माझ्या चांगल्या जाडजूड कादंबऱ्या झाल्यात. बस एका जागी उभी, मान वर करून बघावं तर शेजारी तीच रिक्षा, रिक्षातल्या आजीही तशाच, मग परत मान खाली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवीन पूल सुरू झाला, बसमधले सगळे खूश, कुणीतरी पेढे पण आणले होते, आणि मी बघतेय तर प्रकरण अर्धवट असतानाच बावधन मागे पडलेलं. पुढे हिंजवडीत शिरताना अजूनही बरंच वाचून होतं म्हणा, तेवढी देवाची कृपा आहे. पण आता मेट्रोचं काम चाललंय तिथे. ती धावायला लागली की माझं काही खरं नाही.

एकदा का मागे पडलं की माणूस पुस्तकाकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतो. आधी आपण लेखक बघायचो, मागचा मजकूर वाचायचो, मधलं एखादं पान उघडून भाषा बघायचो. आता डायरेक्ट शेवटचं पान. १२० असेल तर लेखक थोर. ६५० असेल तर, आत्ता नको, निवांत कधीतरी. अप्पा बळवंत चौकात एका दुकानात मी अशीच कपाटासमोर उभी राहून दोन बोटांत कणा धरून जाडी बघत होते, एक ठेव दुसरं काढ, चांगला अर्धा तास, तर काउंटरवरचे काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, टेबलाच्या पायाखाली घालायला हवं असेल तर पलीकडे रद्दीवाला आहे." मी म्हटलं वाचायलाच हवंय. तर म्हणाले, "मग उघडून बघा की."

पेठेतल्या वाचनालयात तर विचारूच नका. ज्या गावात नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे आणि पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून, त्या गावात दुसऱ्याच्या वाचनाबद्दल मत नसलेला माणूस सापडायचा कुठून. मी पुस्तक बदलायला गेले की खिडकीतल्या बाई आधी पुस्तक बघतात मग मला बघतात. एकदा पंच्याऐंशी पानांचं घेतलं तर रजिस्टरमध्ये लिहिता लिहिता म्हणाल्या, "इथेच बसून वाचता का, म्हणजे नोंद करायला नको." आणि दुसरा धोका म्हणजे आधीच्या वाचकांची पेन्सिल. पुण्यातल्या वाचनालयाचं पुस्तक कधी एकट्याने वाचून होत नाही, समासात कुणीतरी आधीच बसलेलं असतं. 'शुद्धलेखन!' 'हे तारखेच्या हिशेबात बसत नाही.' 'लेखकाने स्वतः पुण्यात राहून बघावे.' एका रहस्यकथेत तर विसाव्या पानावरच नोकराच्या नावाखाली रेघ मारून 'हाच' असं लिहिलं होतं. नॉर्मल वर्षात मला याचा संताप आला असता. चॅलेंजच्या वर्षात मी त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला, कारण खुनी कळला म्हटल्यावर पुढची दीडशे पानं भराभर उलटता आली. आणि नोकर नव्हताच तो, पुतण्या निघाला, म्हणजे भराभर वाचलेलं परत मागे जाऊन वाचावं लागलं. पुणेकर!

आता मुख्य वाद. पुस्तक म्हणायचं कशाला?

हा प्रश्न साध्या माणसाला पडत नाही, पण जूनमध्ये सात पुस्तकं मागे असलेल्या माणसाला तो रात्री झोपू देत नाही. मी एक छोटासा कवितासंग्रह वाचला आणि नोंदवला, तर आमच्या घरातलं सुप्रीम कोर्ट, वय वर्षं चौदा, तिने तो हातात घेऊन पानं मोजली. अठ्ठेचाळीस. मग तिने फोनवर शोधून मला वाचून दाखवलं की युनेस्कोने १९६४ साली ठरवून टाकलंय, पुस्तक म्हणजे कव्हर सोडून किमान एकोणपन्नास पानं, त्याच्या खाली असेल ती पुस्तिका. मी म्हटलं अगं एका पानासाठी काय, ती म्हणाली, "आई, तू मला अर्ध्या मार्कासाठी शाळेत भांडायला पाठवलं होतंस." मुलांना शिकवू नये.

त्याच व्याख्येत दुसरी एक मेख आहे, पुस्तक हे नियतकालिक नसावं. म्हणजे दिवाळी अंक गेले! हे मात्र मी मान्य केलेलं नाही आणि करणारही नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली मनोरंजनचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस चिवडा खात खात हे करतोय, अडीचशे पानांचा अंक, त्यात दोन दीर्घकथा, एक मुलाखत, एक पर्यावरणावरचा लेख जो सगळे शेवटी वाचू म्हणतात, कविता, राशिभविष्य, तेलाचे डाग, आणि तो धरायचा शून्य? आणि पन्नास पानांचं 'यशाचे सात मंत्र' टाइप काहीतरी धरायचं एक? मी कोर्टात अपील केलं. निकाल असा लागला की जाहिराती वजा करून उरलेली पानं मोजायची आणि चार अंकांचं एक पुस्तक धरायचं. बँका, पतसंस्था, बिल्डर आणि सराफ वजा केले तर काही अंक फारच सडपातळ होतात हे मला तेव्हा कळलं.

पण मी पण कोकणस्थांच्या घरात सून आहे, हिशेब मलाही येतो. मी आरतीसंग्रह काढला. नियतकालिक आहे का? नाही. एकोणपन्नासच्या वर पानं आहेत का? आहेत. आणि गणपतीत आमच्याकडे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग म्हटला जातो, कारण सासरे एकही आरती गाळू देत नाहीत, प्रसादाचे मोदक गार झाले तरी चालेल. मी दाखवून द्या म्हटलं यात काय चूक आहे ते. कोर्ट गप्प. नवरा म्हणाला, "अगं, मग दहा दिवस दोन वेळा म्हणजे वीस पुस्तकं झाली की तुझी," आणि क्षणभर, खरंच सांगते, मी हिशेब केला.

ऑडिओबुकवरूनही झालं. मी भाजी चिरताना ऐकते, कुकरच्या शिट्टीत दोन वाक्यं जातात, पण पुस्तक पूर्ण होतं. नवऱ्याचं म्हणणं ते ऐकणं झालं वाचणं नाही. यावर सासरे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, पोथी ऐकायचीच असते, आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं आणि तिला तुमच्यापेक्षा जास्त पाठ होतं. विषय संपला. ऑडिओबुक पास.

सासऱ्यांचं मात्र वेगळंच आहे. ते रिटायर झाल्यापासून एकच पुस्तक वाचतायत. ज्ञानेश्वरी. रोज सकाळी एक ओवी, अर्थासकट, मग त्या अर्थावर समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांशी फोनवर वाद, त्यात काका चिडले तर दुसऱ्या दिवशी तीच ओवी परत. मी एकदा मोजायला बसले, नऊ हजारांच्या वर ओव्या आहेत, रोज एक धरली आणि काका एकदाही चिडले नाहीत तरी पंचवीसेक वर्षं. आणि हे सगळं झाल्यावर ॲपवर काय चढणार, तर एक पुस्तक! माझ्या 'यशाचे सात मंत्र' एवढंच. मी त्यांना म्हटलं बाबा तुम्हालाही टाकते चॅलेंजमध्ये, गंमत. त्यांनी आकडा दिला, एक. वर्षाखेरीला ॲपने त्यांनाही कळवलं की तुम्ही एक पुस्तक मागे आहात. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि म्हणाले, "याला सांग, बाराव्या अध्यायापर्यंत आलोय, जरा दम धर." मी म्हटलं त्याला सांगता येत नाही बाबा. "मग ते कसलं ॲप?"

आता खरं दुखणं सांगते, एवढं सगळं मोजण्यात मला जी पुस्तकं खरोखर वाचायची आहेत ती वाचून होत नाहीत. उशाशी एक सातशे पानांचं चरित्र आहे, सुरेख आहे, पण त्याच्या एका पुस्तकात माझी बारकी सहा पुस्तकं बसतात त्यामुळे ते प्रत्येक डिसेंबरात जानेवारीवर ढकललं जातं आणि जानेवारीत नवीन आकडा येतो. म्हणजे वाचन वाढावं म्हणून चॅलेंज घेतलं आणि आता वाचनाला वेळ नाही कारण चॅलेंज पूर्ण करायचंय. शिवाय वाचलेलं राहत नाही डोक्यात. परवा नणंदेने विचारलं ते अमुक वाचलंस का, कसं आहे? मी म्हटलं हो वाचलंय, एकशे छत्तीस पानं. ती थांबली पुढच्या वाक्यासाठी. पुढचं वाक्य नव्हतं माझ्याकडे.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे डिसेंबरातच फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो. २०२३ पासून हे सुरू झालंय आणि नेमकं वर्षाच्या शेवटी, म्हणजे ज्या आठवड्यात माणसाने पुस्तकांपासून तोंड लपवून फिरावं त्याच आठवड्यात शेकडो स्टॉल. मी दरवर्षी फक्त बघायला जाते. दोन्ही खांद्यांना पिशव्या अडकवून परत येते. घरी आल्यावर नवरा काही बोलत नाही, फक्त उचलून एकेकाची शेवटची पानं बघतो आणि मोठ्याने वाचतो, चारशे बारा, पाचशे अडतीस, तीनशे नव्वद. खरेदीचं चॅलेंज असतं तर मी मार्चमध्येच मोकळी झाले असते.

आमच्या नात्यात टोरंटोची एक मावसबहीण आहे, तिचं चॅलेंज दरवर्षी पूर्ण होतं. दरवर्षी! दोन मुलं, नोकरी, बर्फ, आणि तरी ५२ पैकी ५२, वर कुटुंबाच्या ग्रुपवर तो रंगीबेरंगी फोटो, खाली मामांचे अंगठे आणि 'वाचाल तर वाचाल'. यंदा तो फोटो आला तेव्हा मी सव्वीस की सत्तावीसवर होते, आरतीसंग्रह धरून. मी रात्री सगळे झोपल्यावर ॲप उघडून बसले, उगाच इकडे तिकडे बोटं फिरवत, आणि एका कोपऱ्यात दिसलं की चॅलेंजचा आकडा बदलता येतो. वर्षात कधीही. एकतीस डिसेंबरलाही. म्हणजे ५२ पुसायचे, जेवढी झालीत तेवढा आकडा टाकायचा, संपलं. इतके महिने हे बटण तिथेच होतं आणि मी लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत पुस्तक धरून उभी राहिलेय.

मी दाबलं. ॲपने अभिनंदन केलं. शंभर टक्के, हिरवी पट्टी, चमकत्या टिकल्या वगैरे. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लगेच स्क्रीनशॉट काढून मावसबहिणीला पाठवला, आणि मग राहवेना म्हणून खाली लिहून पण टाकलं की आकडा कमी केलाय गं, हे तसलं पूर्ण आहे.

तिकडे दुपार होती, लगेच निळ्या टिका आल्या.

"अगं मग? मी दरवर्षी सुरुवातीला जास्तच टाकते, मग थँक्सगिव्हिंगला कमी करून ५२ वर आणते," तिने लिहिलं. "पण ५२ तरी कसे होतात?" मी. "त्यात मुलांची चित्रांची पुस्तकं आहेत. रोज रात्री तीन वाचते, मी का सोडू?" पुढे एक हसरा चेहरा, आणि मग, "बोल, पुढच्या वर्षी किती टाकायचे? ६० टाकूया का दोघी?"

मी ६० टाकलेत.