सावळ्या त्वचेला सनस्क्रीन लागत नाही?

ऊन तापायला लागलं की पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज हमखास येतो: ‘आपल्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असतं, सनस्क्रीन गोऱ्या लोकांसाठी. खोबरेल तेल लावा, त्याचा एसपीएफ ८ आहे. क्रीममधल्या केमिकलने त्वचा बिघडते. लावायचंच असेल तर सर्वांत जास्त एसपीएफचं सकाळी एकदा लावा, दिवसभर बघायला नको.’

मेलॅनिन म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य. ‘ते पुरेसं आहे’ हे अर्धंच खरं. सावळी त्वचा लवकर भाजत नाही आणि उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोगही आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या तुलनेत खूप कमी. पण अगदी गडद त्वचेचं नैसर्गिक संरक्षणही एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) १३ च्या आसपासच मोजलं गेलंय, गव्हाळ त्वचेचं त्याहून कमी. शिवाय आपलं खरं दुखणं भाजणं नसून डाग आहेत. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी उन्हाने चेवतात. वांग गडद होतो, मुरुमांचे काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. यामागे उन्हातले यूव्हीए नावाचे अतिनील किरण असतात आणि सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा साधा उजेडसुद्धा. यूव्हीए खिडकीच्या काचेतूनही आत येतं. कारची पुढची काच ते बरंच अडवते, बाजूची तेवढं नाही.

एसपीएफचा आकडा मात्र प्रामुख्याने यूव्हीबी या दुसऱ्या अतिनील किरणांनी त्वचा लाल होण्यावरून काढतात. म्हणून ट्यूबवर एसपीएफ ३० किंवा ५० सोबत पीए+++ किंवा पीए++++ (यूव्हीएपासून संरक्षणाची खूण) बघून घ्या. वांग असेल तर टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीनच घ्यावं. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेड अडवतं. घटकांच्या यादीत ते सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ अशा आकड्यांनीही लिहिलेलं असतं. झिंक ऑक्साइडमुळे सावळ्या चेहऱ्यावर येणारी राखाडी झाकही त्याने लपते. शेड जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेरच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली फसायला होतं.

खोबरेल तेलाचा ८ हा आकडा प्रयोगशाळेत अल्कोहोलमध्ये पातळ केलेल्या तेलाचा, यंत्राने मोजलेला. माणसाच्या त्वचेवर तेवढं संरक्षण मिळतं असा त्याचा अर्थ होत नाही. तेल कोरड्या हातापायांना लावा, उन्हासाठी नको.

‘केमिकल’ची भीती नाजूक त्वचेच्या लोकांना वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. सुगंध आणि ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन हे ऊन अडवणारे घटक काहींना खरंच चालत नाहीत. अशांनी सुगंधविरहित, फक्त झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं घ्यावं. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, सात दिवस लावून बघा. खाज किंवा पुरळ आलं नाही तरच चेहऱ्यावर. घामाबरोबर डोळ्यांत उतरून चुरचुरत असेल, तर कपाळ आणि पापण्यांभोवती झिंकची स्टिक वापरा.

‘सकाळी एकदा’ हा सल्ला सर्वांत जास्त नुकसान करतो. एकदाने भागत नाही आणि थोडंसं लावूनही नाही. एका वेळी तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ, म्हणजे चेहरा आणि मानेपुरतं साधारण १ ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपायला हवी. तीच तीन महिने पुरत असेल, तर लावताय त्याला एसपीएफ ५० म्हणता येणार नाही. पुरेसं लावलं तर ३० नंबरचं सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० नंबरचं ९८. तेव्हा १०० साठी जादा पैसे मोजण्यापेक्षा नीट लावा.

दुचाकीवर आणखी एक गोष्ट होते. सनस्क्रीन लावल्या लावल्या स्कार्फ गुंडाळला की बरंचसं कापडालाच लागतं. पंधरा मिनिटं आधी लावा, सुकू द्या, मग स्कार्फ. तो उजेडाकडे धरून आरपार दिसत असेल तर कुचकामी. घट्ट विणीचा, गडद रंगाचा घ्या. घामाने भिजलेलं सुती कापड आणखी कमी अडवतं.

पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास, बाराला नव्हे. दहा ते तीन बाहेर फिरायचं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. दिवसभर ऑफिसात, खिडकीपासून लांब बसून चारला निघणार असाल, तर निघण्याआधी एकदा. मे महिन्यातही संध्याकाळी सहानंतर यूव्ही अगदी कमी असतं. तेव्हा निघणाऱ्यांना पुन्हा लावायची गरज नाही.