त्या ट्युरिंगच्या सफरचंदाबद्दल एकदाचं लिहून टाकतो

भाच्याला विज्ञान दिनाला कॉलेजात तीन मिनिटं बोलायचंय, विषय ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग. त्याने फॅमिली ग्रुपवर मदत मागितली आणि दहा मिनिटांत एका काकांनी तोच मेसेज टाकला जो मला वर्षभरात चारदा तरी आलाय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: भारतात जन्मलेला, शाळेत नापास झालेला मुलगा, त्याने एकट्याने एनिग्मा मशीन बनवून हिटलरला हरवलं, जगातला पहिला कॉम्प्युटर बनवला, मग त्याला 'वाईट सवयी' लागल्या, सरकारने इलाज केला पण गुण आला नाही, शेवटी विषारी सफरचंद खाऊन जीव दिला आणि म्हणून अ‍ॅपलच्या लोगोत अर्धवट खाल्लेलं सफरचंद आहे. खाली जोडलेले हात आणि 'जरूर पुढे पाठवा'. भाच्याने हे जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं होतं, मामा ऐकतोस का म्हणून मला वाचून दाखवलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

आधी लोगो, कारण सगळ्यांना तेवढंच आठवतं. तो लोगो १९७७ साली रॉब जॅनॉफ नावाच्या डिझायनरने काढला. त्यानेच सांगितलंय की घास घेतलेला दाखवला कारण नाहीतर छोट्या आकारात ते फळ चेरी वाटलं असतं. ट्युरिंगचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. विषय संपला.

एनिग्मा 'बनवलं' हे तर हद्दच आहे. ते गुप्त संदेश लिहायचं जर्मन मशीन, आर्थर शेर्बियसने १९१८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेलं. ट्युरिंग त्याचे संदेश फोडणाऱ्यांपैकी. कुलूप उघडलं त्यालाच कुलूप बनवणारा म्हणायचं का? आणि एकट्याने? पोलंडच्या मारियन रेयेव्स्कीने १९३२ मध्येच एनिग्माची आतली जोडणी गणिताने शोधून काढली होती, युद्धाच्या तोंडावर जुलै १९३९ मध्ये पोलिश लोकांनी वॉर्सोजवळ ब्रिटिश आणि फ्रेंचांना बोलावून सगळं हातात दिलं. त्यावरून पुढे ट्युरिंगने 'बॉम्ब' नावाचं मशीन डिझाइन केलं. मेसेजमध्ये अमुक शब्द असणार असा अंदाज धरायचा आणि त्याच्याशी न जुळणाऱ्या सेटिंग्ज मशीनने भराभर बाद करायच्या, अशी त्याची आयडिया. गॉर्डन वेल्चमनने त्यात अशी सुधारणा केली की काम कितीतरी वेगाने व्हायला लागलं. हे संदेश फोडायचं काम जिथे चालायचं त्या इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये शेवटी शेवटी नऊ-दहा हजार माणसं होती, त्यात बहुसंख्य बायका, त्यांचं तर कुणी नावच घेत नाही. तिथल्या कामामुळे युद्ध दोनेक वर्षं आधी संपलं असं इतिहासकार हॅरी हिन्स्लींचं म्हणणं होतं, पण ते सगळ्या गुप्तवार्तांच्या कामाबद्दल, एका माणसाबद्दल नाही.

पहिला कॉम्प्युटरही त्याने बनवला नाही, आणि खरी गंमत इथे आहे जी मेसेजवाल्याला कळलीच नाही. १९३६ मध्ये 'कॉम्प्युटर' म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. ट्युरिंगने विचार केला की हा माणूस नेमकं करतो काय? चौकोन आखलेली एक लांब पट्टी, एका वेळी एकच चौकोन बघायचा, चिन्ह लिहायचं किंवा पुसायचं, डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकायचं, आणि पुढे काय ते ठरलेल्या नियमाप्रमाणे. बस. एवढ्यावर त्याने दाखवलं की असं एकच मशीन असू शकतं जे बाकी कुठल्याही अशा मशीनचं काम करेल, फक्त त्या मशीनचे नियम पट्टीवर लिहून द्यायचे. आपल्या फोनमध्ये अ‍ॅप टाकतो ते हेच की! आणि त्याच पेपरात त्याने हेही सिद्ध केलं की काही प्रश्न असे आहेत जे कुठलंच मशीन सोडवू शकणार नाही. वय २४. हे सगळं कागदावर.

आता ते 'वाईट सवयी' आणि 'इलाज'. इथे मला खरंच राग आलाय. मी अँड्र्यू हॉजेसने लिहिलेलं १९८३ चं जाडजूड चरित्र वाचलंय, हे त्यात नीट आहे. १९५२ च्या सुरुवातीला ट्युरिंगच्या घरी चोरी झाली. हा बिचारा तक्रार द्यायला स्वतः पोलिसात गेला, चौकशीत एका पुरुषाशी संबंध असल्याचं त्याने लपवलं नाही, आणि फिर्यादीचा आरोपी झाला. पुरुषापुरुषांतले संबंध गुन्हा ठरवणारा १८८५ चा कायदा होता त्यांचा. ३१ मार्चला शिक्षा: जेल, नाहीतर एक वर्ष कामेच्छा दाबायला इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन. त्याने हार्मोन घेतले. इलाज नव्हता तो, शिक्षा होती. गुप्तलेखनाचं सरकारी काम होतं तेही बंद झालं. २००९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने त्याचा गुन्हा माफ केला, २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर फोटो. आणि आपण अजून 'गुण आला नाही' लिहितोय. बरं, आपल्याकडचं समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ ब्रिटिशांनीच दिलेलं, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सज्ञान लोकांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं. हे भाषण ऐकणाऱ्या शंभर पोरांत एखादं गप्प बसलेलं पोर असेल, त्याने हे 'वाईट सवयी' ऐकून घ्यायचं?

सफरचंदाचं म्हणाल तर ७ जून १९५४ ला तो गेला, बिछान्याजवळ अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं हे खरं, मृत्यू सायनाइडने झाला हेही खरं. चौकशीत आत्महत्या ठरली. पण सफरचंदात विष होतं का हे कुणी तपासलंच नाही! घरात मुलामा देण्याच्या प्रयोगांसाठी सायनाइड असायचं आणि आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की हा अपघात होता. हार्मोनचा कोर्स वर्षभर आधीच संपलेला. त्यामुळे कारण अमुकच असं छातीठोक सांगू नये.

नापासाचं म्हणजे मोटिवेशनल मसाला. मास्तर कुरकुरायचे एवढंच, पुढे केंब्रिजला पहिल्या वर्गात पास आणि २२ व्या वर्षी किंग्ज कॉलेजचा फेलो. शाळेच्या पहिल्या दिवशी संपामुळे रेल्वे बंद म्हणून साठेक मैल सायकल मारत गेला होता, सांगायचंय तर ते सांग ना पोरा.

राहिलं भारताचं. जन्म लंडनचा, २३ जून १९१२. पण वडील आयसीएस, मद्रास प्रांतात छत्रपूरला नोकरी, आता ते ओडिशात येतं. आईचे वडील मद्रास रेल्वेत चीफ इंजिनिअर. आईवडील इकडे आणि पोरं तिकडे दुसऱ्यांच्या घरी वाढलेली. तर मेसेजमधलं एवढंच चार आणे खरं आहे, काका.