नाव-प्रवाहाच्या शॉर्टकटबद्दल खुलासा

पोलीस भरतीवाल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, जळगाव-भुसावळ-धुळे सगळीकडे, की नाव प्रवाहासोबत जाऊन प्रवाहाच्या उलट परत आली तर सरासरी वेग म्हणजे दोन्ही वेगांची बेरीज भागिले 2. भावांनो तो मेसेज मुळात मीच टाकलेला, आणि तो चूक आहे.

बेरीज भागिले 2 केलं की संथ पाण्यातला वेग मिळतो, म्हणजे हीच नाव आपल्या मेहरूण तलावात किती पळेल ते. येण्याजाण्याची सरासरी वेगळी.

करूनच बघा ना, तापीत नाव प्रवाहासोबत ताशी 12 किमी, उलट 8 किमी, अंतर 24 किमी. जायला 2 तास, यायला 3 तास, एकूण 48 किमीला 5 तास म्हणजे 9.6, माझ्या शॉर्टकटने येतं 10. उलट येताना वेळ जास्त जातो म्हणून हळू वेगाचं वजन जास्त पडतं, हेच मी विसरलो. (ऑप्शनमध्ये 10 हमखास असतो, तिथंच मार्क जातो.)

बरोबर सूत्र: 2 गुणिले दोन्ही वेगांचा गुणाकार, भागिले बेरीज. 192 भागिले 20, तेच 9.6. प्रवाहाचा वेग मात्र वजाबाकी भागिले 2, इथे 2, तो भाग मेसेजात बरोबरच होता.

जुना मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा टाका.