शेजारची किडनी

‘आठ तास काही खायचं नाही,’ असं सांगून सोनोग्राफी केंद्रातल्या बाई फोनवर पुढे म्हणाल्या, ‘पाणी चालेल हं.’ त्या ‘हं’मध्ये इतकी माया होती, की मी त्यांचे दोनदा आभार मानले. एरवी रात्रभर झोपलो की आठ तास आपोआप उपाशी राहणं होतंच. पण कुणी ‘खायचं नाही’ म्हटलं, की पोटाला रात्री अडीचला जाग येते आणि ते भाडं थकलेल्या घरमालकासारखं दार ठोठावू लागतं.

निमित्त साधंच होतं. रक्ततपासणीत लिव्हरची खबर देणारा एसजीपीटी नावाचा आकडा रेषेच्या जरा वर गेला होता. ‘काही नाही, फॅटी लिव्हर असेल, सोनोग्राफी करून घ्या,’ डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हटलं की मला दरदरून घाम फुटतो.

सोनोग्राफीच्या प्रतीक्षाकक्षात दोन पंथांची माणसं असतात. एक रिकामी, दुसरी भरलेली. ज्यांचं पोटाच्या वरच्या भागाचं काम असतं ती रिकामी. त्यांनी काही खाल्लं तर पित्ताशय आकसतं आणि आतड्यांतल्या वायूपुढे यंत्राचं काही चालत नाही. ज्यांचं खालच्या भागाचं काम असतं त्यांना लिटरभर पाणी पाजून बसवलेलं असतं. रिकामे भिंतीकडे टक लावून बसतात, भरलेले येरझाऱ्या घालतात. माझ्या शेजारच्या गृहस्थांना ‘संपूर्ण पोट’ लिहून दिलं होतं, म्हणजे ते एकाच वेळी उपाशी आणि तुडुंब होते. त्यांच्याकडे पाहून मला माझं दुःख आवरतं घ्यावं लागलं.

नाव पुकारलं. आत अंधार, थंडी आणि उंच पलंग. मदतनीस मुलगा म्हणाला, ‘काका, शर्ट वर घ्या.’ शर्ट वर घेतल्यावर जे प्रकट झालं ते पाहून त्याने जेलची बाटली जरा जास्तच वेळ दाबली. जेल थंडगार. ते लागतं, कारण प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं यंत्राचं टोक, आणि कातडी यांच्यात हवेचा नुसता पापुद्रा राहिला, तरी आवाज तिथूनच माघारी फिरतो. हो, आवाजच. हा सगळा खेळ आवाजाचा आहे. माणसाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचं ऐकू येतं. हा प्रोब ३५ लाखांच्या आसपास बोलतो आणि आतून येणारे पडसाद ऐकून चित्र काढतो. शरीरात आवाज सेकंदाला १५४० मीटर जातो, असं यंत्र धरून चालतं. चरबीत मात्र त्याचा वेग साधारण १४५० वर येतो. म्हणजे माझ्या आत शिरल्यावर आवाजालासुद्धा आळस येतो.

हे तंत्र मुळात लोखंडातल्या भेगा शोधायला वापरत. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड नावाच्या डॉक्टरांनी १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घातल्या आणि बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात नेऊन तिथल्या यंत्राखाली धरल्या. १९५८ साली त्यांचा निबंध छापून आला आणि पोटात डोकावायची वाट मोकळी झाली. ही हकिगत मी घरी सांगितली तेव्हा बायको माझ्याकडे आपादमस्तक बघून म्हणाली, ‘म्हणजे बॉयलरचं यंत्र बॉयलरलाच लागलं की.’

तर, प्रोब बरगडीखाली रुतला आणि आवाज आला : ‘श्वास घ्या... धरा.’

लिव्हर उजवीकडे बरगड्यांच्या आडोशाला बसलेलं असतं आणि हाडातून हा आवाज पलीकडे जात नाही. खोल श्वास घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा खाली सरकतो आणि लाजऱ्या पाहुण्याला मागून ढकलावं तसं लिव्हर बरगडीबाहेर येतं. इथवर सगळं पटण्यासारखं आहे. पण ‘धरा’ म्हटल्यानंतर डॉक्टरीणबाईंनी एका हाताने कळफलक बडवायला घेतला, एक चित्र गोठवलं, मापलं, पुसलं, पुन्हा मापलं. मी धरलेलाच. डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. शेवटी त्या निवांतपणे म्हणाल्या, ‘सोडा की. धरून काय ठेवलंय?’

मग डाव्या कुशीवर. मग परत ‘धरा’. या खेपेला माझं तोंड पडद्याकडे आलं आणि मला माझं लिव्हर दिसलं. काय सांगू! आजूबाजूच्या काळ्या-करड्या गर्दीत ते असं पांढरंशुभ्र झळकत होतं! माझ्या अंगात कुठेतरी इतकं तेज आहे याची मला पन्नास वर्षांत कल्पना नव्हती.

‘छान चमकतंय,’ मी म्हणालो.

‘तेच तर,’ त्या म्हणाल्या.

चरबीचे थेंब आवाज जास्त परतवतात, म्हणून लिव्हर उजळ दिसतं. तल्लख, तेजस्वी, चमकदार वगैरे विशेषणांची आयुष्यभर वाट पाहिली आणि ती मिळाली ती लिव्हरला, तीही दोष म्हणून. मी बारीक आवाजात विचारलं, ‘पडद्याचा उजेड जास्त झालाय का? जरा कमी करून बघता?’

‘म्हणूनच तर शेजारी किडनी बघायची,’ त्या म्हणाल्या. ‘बटण फिरवलं तर दोन्ही उजळतात, दोन्ही मंदावतात. किडनीच्या मानाने लिव्हर किती पांढरं, ते महत्त्वाचं.’

आणि मला चौथीतला मी आठवलो. आमच्या शेजारी एक मुलगा राहायचा. पहाटे उठायचा, वह्यांना कव्हरं घालायचा, मोठ्यांना उलट बोलायचा नाही. माझं प्रगतिपुस्तक आलं की आई त्यावर नजर टाकायच्या आधी विचारायची, ‘त्याला किती?’ तो शहर सोडून गेला तेव्हा वाटलं, सुटलो. आता कळलं की तो माझ्याच पोटात, लिव्हरला खेटून राहायला आला होता. किडनीचं वागणं हुबेहूब त्याचं. दुसऱ्या किडनीच्या जोडीने दिवसाला १८० लिटर द्रव गाळते, त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा इमानाने परत करते आणि चरबीला सहसा थारा देत नाही. दोघांना रक्त एकच, घर एकच, मग एक असं आणि एक तसं का, हा आईचा जुना प्रश्न डॉक्टरीणबाईंनी बोलून दाखवला नाही, एवढाच त्यांचा मोठेपणा. शेजाऱ्याचंच काही बिघडलेलं असेल तर ही तुलना फसते म्हणे. पण माझी किडनी ठणठणीत होती. मला तेवढी सूट कशी मिळेल?

‘ग्रेड टू,’ त्या मदतनिसाला म्हणाल्या. लिव्हर नुसतं उजळलं तर ग्रेड वन. आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर टू. आणि आवाज चरबीतच विरून मागचा श्वासाचा पडदा दिसेनासा झाला की थ्री. चरबी इतकी वाढते की ती बघणाऱ्याचीच वाट अडवते. हे सगळं नजरेने ठरवायचं असल्याने दोन डॉक्टरांचा ग्रेड वेगळा येऊ शकतो, हे कळल्यावर मी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची तयारी दाखवली. ‘थ्रीसुद्धा म्हणतील,’ त्या म्हणाल्या. मी विषय बदलला.

‘पित्ताशयाजवळचा हा कोपरा मात्र वाचलाय बघा,’ त्या म्हणाल्या. तिथे खरंच एक काळसर तुकडा होता. पाहुणे अचानक आल्यावर आम्ही बाहेरच्या खोलीची जेवढी जागा आवरतो, तेवढाच.

रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे. तिथे कळलं, की लिव्हरच्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी शिरली की आजार म्हणतात, पण सोनोग्राफीला ती नीट दिसते २०-३० टक्क्यांच्या पुढे. म्हणजे रिपोर्ट स्वच्छ आलेल्या ज्या मित्रांनी मला फोनवर उपदेश केला, तेही फार उड्या मारण्याच्या जागी नव्हते. आजाराचं नाव पूर्वी ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ होतं. जे प्यायलो नाही त्यावरून ओळखला जाणारा मी बहुधा पहिलाच सज्जन असेन. २०२३ मध्ये ते बदलून ‘मेटाबॉलिक डिसफंक्शन-असोसिएटेड स्टीॲटॉटिक लिव्हर डिसीज’ केलं, कारण एक म्हणजे ‘फॅटी’ शब्दाने रोग्याला कमीपणा वाटतो. हेतू थोर आहे. पण हे नाव उच्चारायला जेवढा श्वास लागतो तेवढा मी सोनोग्राफीतही धरला नव्हता. आणि नातेवाइकांना अर्धंच ऐकू जातं. ‘लिव्हर’ म्हटलं की ते माझ्याऐवजी बायकोकडे सहानुभूतीने बघतात.

चरबी दिसली, पण आत सूज किंवा चट्टे आहेत का हे साध्या सोनोग्राफीला धड सांगता येत नाही. म्हणून पुढची पायरी इलास्टोग्राफी. शब्दकोशात काळीज या शब्दाचा एक अर्थ यकृत असाही आहे. मी काळीज घट्ट करून गेलो आणि तिथे कळलं, की या परीक्षेत काळीज घट्ट असणं हेच नापास होणं. प्रोब बरगड्यांमधून हलकी टिचकी मारतो, ती लहर आतून किती वेगाने पळते ते मोजतो. जितकं घट्ट तितका वेग जास्त आणि तितके किलोपास्कल, म्हणजे घट्टपणाचे गुण, जास्त. असल्या टिचक्या दहा-बारा. माझं काळीज मऊ निघालं. हे मी बायकोला लग्नापासून सांगत होतो.

औषध म्हणून डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बोट दाखवलं. पाच टक्के वजन उतरलं की चरबी हटायला लागते, सात ते दहा टक्क्यांवर सूजही. माझे ८८ किलो. हिशेब सोपा होता, चालणं अवघड. ते सहा महिने कसे गेले ते सांगत नाही. काट्यावर उभं राहताना मी चष्मा काढून ठेवत असे, एवढ्यावरून ओळखा.

सहा महिन्यांनी तोच अंधार, तेच जेल, त्याच बाई. ‘श्वास घ्या... धरा.’ मी या वेळी मनातल्या मनात वीस मोजून स्वतःच सोडला. कुशीवर वळलो. पडद्यावरचं तेज मावळलं होतं. लिव्हर आणि किडनी जवळजवळ एकाच रंगाची, भावंडं वाटावीत अशी. ‘छान,’ त्या म्हणाल्या, ‘आता दोघांत फारसा फरक नाही.’ चौथीपासून ज्याची वाट पाहत होतो ते वाक्य पन्नाशीत, उताण्या-कुशीवरच्या अवस्थेत का होईना, कानावर पडलं.

मग प्रोब जरा मागे सरकला, थांबला, परत फिरला.

‘किडनीत एक बारीकसा खडा दिसतोय.’

‘खरंच?’ मी आनंदाने विचारलं. मदतनिसाने माझ्या हातात कागदी रुमाल दिला आणि जेल पुसता पुसता कुठेतरी मध्यावर माझ्या लक्षात आलं, की ती किडनीही माझीच आहे.